सांता क्लारा व्हॅली अ‍ॅथलेटिक लीग : लेक नववीत जातेय, शाळेच्या टीमबद्दल माहिती हवी आहे

नवी_सनीवेलकर | १४ मे, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकहून दीड वर्षापूर्वी कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला आलो. लेक ऑगस्टमध्ये नववीत जाईल. परवा हायस्कूलची माहिती द्यायला पालकांना बोलावलं होतं, तिथे खेळांवर एक बाई वीस मिनिटं बोलल्या आणि खरं सांगते मला त्यातलं निम्मंही समजलं नाही. लीग, डिव्हिजन, व्हर्सिटी, जेव्ही, सीसीएस, ट्रायआउट, क्लिअरन्स. बाकीचे पालक माना डोलावत होते म्हणून विचारायची लाज वाटली.

मी स्वतः शाळेत असताना खो-खो खेळायचे, जिल्ह्यापर्यंत गेले होते, त्यामुळे मुलीनं मैदानावर जावं असं फार मनापासून वाटतं. ती म्हणते आई इथे सगळ्याजणी सहाव्या वर्षापासून क्लबमध्ये आहेत, मला कोण घेणार. उंची बेताची, क्लबमध्ये कधी गेली नाही, पोहता येतं पण रेसचं नाही, बॅडमिंटन सोसायटीत खेळायची तेवढंच. अशा मुलीला शाळेच्या टीममध्ये जागा असते का? आणि ही लीग म्हणजे नक्की काय प्रकार आहे? कोणीतरी पहिल्यापासून समजावून सांगाल का.

सह्यकडा | १४ मे, रात्री ११:३५

ताई, लाज कसली, मलाही दोन वर्षं काही कळत नव्हतं. आता माझा मोठा बारावीत आहे आणि धाकटी दहावीत, त्यामुळे जमेल तसं सांगतो.

सगळ्यात वर सीआयएफ, म्हणजे कॅलिफोर्निया इंटरस्कॉलॅस्टिक फेडरेशन. ही १९१४ पासूनची संस्था, राज्यातल्या हायस्कूलच्या खेळांचे नियम तीच ठरवते. राज्य एवढं मोठं की तिचे दहा सेक्शन पाडलेत. आपला सेंट्रल कोस्ट सेक्शन, म्हणजेच ते सीसीएस. सॅन मटेओ, सांता क्लारा, सांता क्रूझ, सॅन बेनिटो, मॉन्टेरे या काउंट्या त्यात येतात, शिवाय सॅन फ्रान्सिस्कोतल्या खासगी शाळा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांचा मात्र वेगळा सेक्शन आहे. आणि सेक्शनच्या खाली लीग. आपल्या भागातली सांता क्लारा व्हॅली अ‍ॅथलेटिक लीग, त्यात चौदा शाळा, सगळ्या सरकारी.

शाळा डिस्ट्रिक्टप्रमाणे, म्हणजे त्या चालवणाऱ्या मंडळाप्रमाणे, लक्षात ठेवा, सोपं जातं. फ्रीमाँट युनियनच्या पाच: क्युपर्टिनो, फ्रीमाँट, होमस्टेड, लिनब्रुक, मॉन्टा व्हिस्टा (इथे फ्रीमाँट म्हणजे सनीवेलमधली शाळा, खाडीपलीकडचं फ्रीमाँट गाव नाही, यावर प्रत्येक नवीन माणूस अडखळतो). मग माउंटन व्ह्यू आणि लॉस आल्टोस. पालो आल्टोच्या दोन, पालो आल्टो हाय आणि गन. सॅराटोगा आणि लॉस गॅटोस. सांता क्लारा आणि विलकॉक्स. आणि मिलपिटास. झाल्या चौदा.

आता डिव्हिजन. बहुतेक खेळांत या चौदा शाळांचे दोन गट असतात, वरचा डी आन्झा आणि खालचा एल कमिनो. कुठली शाळा कुठल्या गटात हे खेळागणिक बदलतं. एकच शाळा टेनिसमध्ये वर आणि बास्केटबॉलमध्ये खाली असू शकते, आणि निकाल बघून पुढच्या सीझनला वरखाली होते.

आपल्याकडच्या आणि इथल्या पद्धतीतला मोठा फरक सांगतो, तो कळला की बाकी सगळं आपोआप उलगडतं. आपल्या शालेय स्पर्धा म्हणजे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, आणि जवळपास सगळं बाद पद्धतीनं. मी सांगलीकडच्या एका शाळेत कबड्डी खेळायचो. जूनपासून घाम गाळायचा, पावसात चिखलात सराव करायचा, मग एसटीनं जिल्ह्याच्या गावी जायचं, सकाळी दहाला मॅच, पावणेअकराला हरलो की वर्ष संपलं. चार वर्षांत मी शाळेकडून सगळ्या मिळून सात मॅच खेळलो, मोजून सात. लीग म्हणजे साखळी. बास्केटबॉलचं बघा, गटात सात शाळा, प्रत्येकीशी दोनदा, एकदा आपल्या जिममध्ये आणि एकदा त्यांच्या, म्हणजे लीगच्याच बारा मॅच झाल्या. त्याआधीच्या सरावाच्या स्पर्धा वेगळ्या. सगळ्यात तळाची टीमसुद्धा बारा मॅच खेळते. माझ्या आख्ख्या शाळेच्या आयुष्यात झाल्या त्याच्या दुप्पट मॅच माझ्या मुलानं जेव्हीच्या, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या टीमच्या, एका सीझनमध्ये खेळल्या, आणि त्यांची टीम चांगली वगैरे नव्हती हो.

दीपमाळ | १५ मे, सकाळी ७:१०

सह्यकडा, छान लिहिलंत. ताईंच्या खऱ्या प्रश्नाला, म्हणजे जागा असते का, मी उत्तर देते.

खेळ दोन प्रकारचे असतात, कट असलेले आणि कट नसलेले. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉकर, टेनिस, बेसबॉल यांत ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, होते आणि यादी लागते. क्रॉस कंट्री (माळ-टेकड्यांवरून लांब धावणं) आणि ट्रॅक-फील्डमध्ये बहुतेक शाळा कोणाला परत पाठवत नाहीत, येईल त्या मुलाला घेतात. कुस्ती, वॉटर पोलो, फील्ड हॉकी यांतही बऱ्याच ठिकाणी नवशिके चालतात कारण लहानपणापासून ते खेळलेली मुलंच कमी असतात. पोहण्याचं शाळेशाळेवर आहे, विचारून घ्या. मुलीसाठी आणखी एक, फ्लॅग फुटबॉल, म्हणजे अंगावर न जाता कमरेची पट्टी ओढून अडवायचा अमेरिकन फुटबॉल. सीआयएफनं २०२३ मध्ये मुलींसाठी तो अधिकृत खेळ केला, नवाच आहे त्यामुळे सगळ्याच नवख्या.

बॅडमिंटनबद्दल सावध करते. बाहेरून वाटतं सोपा खेळ आहे पण आपल्या लीगमध्ये बॅडमिंटन फार तगडं असतं. लिनब्रुक, मॉन्टा व्हिस्टा, मिलपिटास इथली मुलं बे एरियातल्या मोठमोठ्या बॅडमिंटन क्लबांमधून तयार होऊन येतात. सोसायटीत खेळलेल्या मुलीला व्हर्सिटी, म्हणजे शाळेची पहिली टीम, अवघड जाईल, पण जेव्हीसाठी जरूर प्रयत्न करू दे, तो वसंतातला खेळ आहे, फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे तिच्याकडे. एकाच टीममध्ये मुलं-मुली दोघं असतात, एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी सगळं मिळून शाळेचा स्कोअर होतो. म्हणजे तिसऱ्या नंबरची मिश्र दुहेरीची जोडी जिंकली तरी शाळेला तेवढाच एक गुण, जेवढा पहिल्या नंबरच्या एकेरीचा. हे मला फार आवडतं.

माझे सासरे दोन वर्षांपूर्वी इथे आले होते, वय ७८, साताऱ्याजवळच्या एका शाळेत पीटीचे मास्तर होते. नातीची मॅच बघायला जिममध्ये आले, खिशातून वही काढली आणि प्रत्येक कोर्टाचा स्कोअर लिहीत बसले. पुढच्या मॅचपासून मुलीच त्यांना विचारायला लागल्या की आजोबा आपण किती-किती. तिथे सगळ्या त्यांना आजोबाच म्हणायच्या, चिनी, कोरियन, मेक्सिकन सगळ्या.

कोथिंबीरवडी | १५ मे, सकाळी ९:०२

कागदपत्रांचं, म्हणजे ते क्लिअरन्स, आत्ताच बघून ठेवा, ऑगस्टमध्ये धावपळ होते. डॉक्टरची फिजिकल तपासणी दरवर्षी नव्याने लागते, तो फॉर्म भरल्याशिवाय मुलीला ट्रायआउटलाच उभं करत नाहीत. कालवा इन्शुरन्समध्ये वर्षातून एकच फिजिकल बसत असेल तर तारीख जुळवून घ्या.

आणि अभ्यास. ग्रेडची सरासरी (४ पैकी) २.० च्या खाली गेली की खेळ बंद, आणि आधीच्या सेमिस्टरला किमान वीस क्रेडिट, म्हणजे साधारण चार विषय पास पाहिजेत. आपल्या मुलांना ते अवघड नसतं पण नववीचं पहिलं सेमिस्टर काही मुलांना जड जातं.

(वर कालवा नाही, तुमच्या, ऑटोकरेक्ट)

इस्टबे_१९ | १५ मे, दुपारी १:२०

>> ट्रायआउट होते आणि यादी लागते

ही यादी प्रकरण मी विसरू शकत नाही. आम्ही तेव्हा दुसऱ्या लीगच्या भागात राहायचो, शाळेचं नाव घेत नाही. मुलगा बास्केटबॉलसाठी वेडा होता, आठवीपासून ड्राइव्हवेवर रोज दोन तास. तीन दिवस ट्रायआउट. तिसऱ्या दिवशी रात्री नऊला ऑनलाइन यादी आली, त्यात नाव नाही. कोच एक शब्द बोलला नाही, काय कमी पडलं ते सांगितलं नाही. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. मी मेल केला तर उत्तर आलं की निवडीबद्दल पालकांशी चर्चा होत नाही. नियम म्हणून ते बरोबरही असेल, पण चौदा वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं समोर बसवून सांगायला काय हरकत होती. आजही राग येतो.

ताई, तुम्ही यादीवाल्या खेळाला पाठवणार असाल तर आधीच तिला सांगून ठेवा की साठ मुली येतात आणि पंधरा घेतात.

सह्यकडा | १५ मे, दुपारी २:०५

इस्टबे, वाईट वाटलं वाचून. पुढे काय केलं मुलानं?

इस्टबे_१९ | १५ मे, दुपारी २:४८

वसंतात ट्रॅकला गेला. ८०० मीटर. चारही वर्षं धावला. सेक्शनला कधी पोचला नाही पण २:३१ वरून २:०६ वर आला, ते सगळे आकडे त्यानं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेत, आम्ही रंग देताना तेवढं दार सोडलं.

मैदानवाला | १५ मे, रात्री ९:१५

लीग आणि दोन गट यावर थोडं लिहितो, कारण मी मुंबईत शालेय क्रिकेट खेळलोय आणि हा विषय डोक्यात कायम असतो.

आपल्याला १९८८ ची हॅरिस शिल्डची सेमी सगळ्यांना पाठ आहे. शारदाश्रम, आझाद मैदान, सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. समोर सेंट झेव्हियर्स होती. मी स्वतः कितीतरी वेळा समोरच्या बाजूला असायचो, त्या सामन्यात नाही, पण अशाच एकतर्फी सामन्यांत, म्हणून त्या उन्हात चेंडूमागे धावणाऱ्या मुलांचाच विचार आधी येतो. मग २०१६ ला कल्याणमध्ये प्रणव धनावडेनं नाबाद १००९ केल्या, संघाच्या ३ बाद १४६५. समोरची टीम दोन डावांत ३१ आणि ५२. विक्रम मोठाच आहे, त्या मुलाच्या ताकदीबद्दल प्रश्नच नाही. पण त्या दिवशी मैदानावर बावीस मुलं होती आणि त्यातल्या अकरांना क्रिकेटमधून काय मिळालं?

लीगचे दोन गट हे नेमकं टाळतात. दुबळी टीम खालच्या गटात आपल्यासारख्याच टीमशी खेळते, दोन मॅच जिंकते, एक शेवटच्या मिनिटाला हरते, मुलांना पुढच्या आठवड्याची ओढ लागते. आणि खालच्या गटात पहिले आलात की तोही लीगचा किताबच, जिममधल्या बॅनरवर साल लागतं. मुंबईत असं काही मला मिळालं असतं तर मी सतराव्या वर्षी किट विकलं नसतं.

ऋतुगंध | १५ मे, रात्री १०:३०

+१ मैदानवाला. जरा अवांतर, क्रिकेट का नाही हो शाळांमध्ये? क्युपर्टिनोत इतकी मुलं अकादमीत जातात, रविवारी मैदान मिळत नाही.

मैदानवाला | १५ मे, रात्री १०:५८

सीआयएफच्या यादीत क्रिकेट नाही. न्यू यॉर्क शहराच्या सरकारी शाळांच्या लीगमध्ये मात्र २००८ पासून आहे, तिथे गयाना, जमैका, बांगलादेश, पंजाब असे सगळीकडचे पोरगे आहेत. इथे खेळ सुरू करायला शाळांनी एकत्र मागणी करावी लागते, मैदान लागतं, आणि मुलींसाठी बरोबरीच्या संधी दाखवाव्या लागतात, १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे. लॉस एंजेलिसला २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आहे, त्यानंतर कोणी तरी जोर लावायला हवा. मी सह्या गोळा करायला तयार आहे, मनापासून सांगतोय.

पारिजातक | १६ मे, सकाळी ८:२५

माझी मुलगी क्लब सॉकर खेळते म्हणून एक महत्त्वाचं. सॉकर आपल्याकडे हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सीआयएफचा ६०० नंबरचा नियम आहे, शाळेचा सीझन चालू असताना त्याच खेळात बाहेरच्या टीमकडून मॅच खेळली तर शाळेच्या टीममधून अपात्र. एका मैत्रिणीची मुलगी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत क्लबच्या टूर्नामेंटला गेली, त्यांना नियमच माहीत नव्हता, पुढे फार मनस्ताप झाला. काही मोठे क्लब मुलींना शाळेकडून खेळूच देत नाहीत, वर्षभर आमच्याकडेच. आम्हीही ते दोन वर्षं ऐकलं आणि आता पस्तावतोय. क्लबमध्ये तिचा खेळ सुधारला हे खरं. पण क्लबच्या मॅचला कोण येतं? आम्ही दोघं, खुर्च्या टाकून. अकरावीत तिनं क्लबला नाही सांगितलं आणि शाळेकडून उतरली तर तिची इतिहासाची बाई आली होती बघायला, बँडमधली मुलं आली होती. घरी येऊन म्हणाली आई ती बाई ओरडत होती माझं नाव घेऊन.

आणि डोक्याला मार लागला तर लपवू नका प्लीज. कन्कशन झालं असं डॉक्टरांनी सांगितलं की खेळावर परतायला किमान सात दिवसांची पायरीपायरीची पद्धत आहे, राज्याचा कायदाच आहे. आमची तीन आठवडे बाहेर होती, रोज रडायची, पण ट्रेनरनं एक दिवससुद्धा आधी सोडलं नाही आणि मी त्या ट्रेनरची कायमची ऋणी आहे.

नवी_सनीवेलकर | १६ मे, रात्री ११:१०

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद. दोनदा वाचलं, मग लेकीला वाचून दाखवलं. कपाटाच्या दाराचं ऐकून ती गप्प झाली.

आणखी दोन प्रश्न. खर्च किती येतो? आणि मला अजून गाडीचा सराव नाही, दुसऱ्या शाळेत मॅच असली तर मुलं जातात कशी?

दीपमाळ | १७ मे, सकाळी ६:५०

खर्चाचं नीट समजून घ्या कारण इथे खूप जणांचा गोंधळ होतो. सरकारी शाळेला खेळासाठी सक्तीची फी घेता येत नाही, कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं १९८४ मध्येच तसा निकाल दिलाय, शिक्षण मोफत म्हणजे शाळेचे खेळही त्यात आले. म्हणून शाळा देणगी मागते. फॉर्मवर मोठा आकडा लिहिलेला असतो आणि घाबरायला होतं. देता येत असेल तर जरूर द्या, बस, कोचचं मानधन, रेफरी सगळं त्यातूनही चालतं. पण नाही दिली म्हणून मुलीला टीममधून काढता येत नाही. आम्ही आलो तेव्हा एकाच पगारावर होतो, पहिल्या वर्षी काहीच देऊ शकलो नाही, कोणी एका शब्दानं विचारलं नाही. आता जमतं तर दुसऱ्या एका मुलीचंही भरतो.

प्रवास शाळेप्रमाणे वेगळा. कुठे बस असते, कुठे पालक गाड्या काढतात. पालकांनी दुसऱ्यांची मुलं न्यायची तर लायसन्स, इन्शुरन्सचे कागद आधी जमा करावे लागतात. तुम्ही टीमच्या ग्रुपवर मोकळेपणी सांगा की गाडी नाही. दर वर्षी दोन-तीन घरं तशी असतातच.

वेळेचंही सांगते. २०२२ पासून हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी सुरू करता येत नाही असा राज्याचा नियम आहे, झोप मिळावी म्हणून. त्यामुळे शाळा उशिरा सुटते, सराव उशिरा, आणि लांब मॅच असली तर शेवटचा तास बुडतो. सनीवेलहून मिलपिटासला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये म्हणजे बघा. बुडालेल्या तासाचा अभ्यास मुलीनं स्वतः शिक्षकांना विचारून भरून काढायचा असतो, आई-बापांनी मेल करायचा नाही.

तिसरी_घंटा | १७ मे, सकाळी ११:४०

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. एवढा वेळ घालवून कॉलेज अ‍ॅडमिशनला फायदा होतो का? आठवड्याला पंधरा तास म्हणजे कमी नाही.

सह्यकडा | १७ मे, दुपारी १२:३०

स्पष्टच उत्तर देतो. खेळाच्या जोरावर कॉलेज मिळणारी मुलं फार थोडी. आपल्याच लीगचं उदाहरण घ्या. जेरेमी लिन पालो आल्टो हायचा. २००६ मध्ये त्याच्या टीमनं राज्याची डिव्हिजन २ ची फायनल जिंकली, सांता आनाच्या मेटर डे या बलाढ्य शाळेला ५१-४७ नं हरवून. तरी त्याला एकाही मोठ्या कॉलेजनं बास्केटबॉलची स्कॉलरशिप दिली नाही, हार्वर्डला गेला, तिथे खेळाची स्कॉलरशिप नसतेच. पुढे एनबीएमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, तो किती गाजला ते सगळ्यांना माहीत आहे. राज्य जिंकणाऱ्या टीमच्या मुख्य खेळाडूची ही गोष्ट, मग आपण लीगमधल्या सहाव्या नंबरच्या टीमच्या आठव्या खेळाडूच्या अर्जाचा हिशोब कशाला मांडायचा.

मुलांना ते कळतंही. आई-बाप अ‍ॅडमिशनसाठी पाठवतायत असं दिसलं की दहावीत सोडतात. माझ्या मोठ्याच्या बॅचला नववीत क्रॉस कंट्रीला तीस मुलं होती, बारावीत अकरा उरली. ती अकरा कोण, तर ज्यांना सकाळी उठून एकमेकांना भेटायचं होतं ती.

तिसरी_घंटा | १७ मे, दुपारी १:१५

पटलं. माझ्या मुलाला मी नको त्या कारणासाठी टेनिसला ढकलतोय बहुतेक. आज बोलतो त्याच्याशी.

ऋतुगंध | १८ मे, रात्री ८:४४

एक गोष्ट मात्र खटकते ती लिहायलाच हवी. लीगमध्ये सगळं बरोबरीचं असतं पण सीसीएसच्या स्पर्धेला गेलं की समोर खासगी शाळा येतात, वेस्ट कॅथलिक लीगवाल्या, मिटी, बेलरमिन, सेंट फ्रान्सिस, सेरा. त्या पूर्ण बे एरियातून मुलं घेऊ शकतात, आपल्या शाळा हद्दीतल्याच मुलांवर. सेक्शननं काही खेळांत ओपन डिव्हिजन करून सगळ्या तगड्या टीम एकीकडे काढल्या ते चांगलं केलं.

आणि आपल्या लीगमध्येही सगळं समान नाही. फुटबॉलला (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) क्युपर्टिनोकडच्या शाळांत मुलंच मिळत नाहीत, आणि लॉस गॅटोस, विलकॉक्सला शुक्रवारी रात्री गाव लोटतं. म्हणून फुटबॉलपुरतं आता शेजारच्या पेनिन्सुला लीगबरोबर एकत्र गट केलेत, ताकदीप्रमाणे. दर शुक्रवारी पन्नास गुणांनी हरणाऱ्या मुलांना बघवत नाही, आणि अंगाला लागण्याची भीती वेगळीच.

पारिजातक | १८ मे, रात्री ९:३०

ऋतुगंध, सहमत. तरी २०१० मध्ये पालो आल्टोनं फुटबॉलची राज्याची डिव्हिजन १ जिंकली होती, १५-१३, दक्षिणेच्या सेंटेनियलला हरवून. सरकारी शाळेनं. त्या टीममध्ये दवांते अ‍ॅडम्स होता, पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, गेला तो.

कोथिंबीरवडी | १९ मे, सकाळी ७:५८

सीनियर नाइटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बारावीच्या मुलांच्या शेवटच्या घरच्या मॅचला प्रत्येकाचं नाव पुकारतात आणि मूल आई-बाबांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातं, फूल देतं. आमचं आडनाव इथल्या लोकांना कधी जमत नाही, चार वर्षं कसंही उच्चारलं गेलं. त्या रात्री माइकवर एक अकरावीची मुलगी होती, तिनं आठवडाभर आधी माझ्या मुलीकडून ते आडनाव फोनवर रेकॉर्ड करून घेतलं होतं. ‘ळ’ सकट बरोबर म्हटलं. नवऱ्याच्या डोळ्यांत मी लग्नानंतर दुसऱ्यांदा पाणी बघितलं. मॅच आम्ही हरलो होतो.

नवी_सनीवेलकर | २६ ऑगस्ट, रात्री ९:४०

धागा वर काढतेय. शाळा सुरू झाली. लेकीनं व्हॉलीबॉलची ट्रायआउट दिली, नाव आलं नाही. तुम्ही आधी सांगितलं होतं त्यामुळे मी तयार होते, ती नव्हती. एक संध्याकाळ खोलीचं दार बंद. दुसऱ्या दिवशी स्वतःच क्रॉस कंट्रीच्या कोचकडे गेली. त्यांनी विचारलं धावतेस का, ही म्हणाली नाही, ते म्हणाले साडेतीनला ये.

पहिल्या आठवड्यात घरी आली की बूट काढायचंही त्राण नसायचं. आता रोज सांगते आज कुठल्या रस्त्यानं गेलो, कोणाबरोबर धावले. सगळ्यात शेवटी असते ती. पण म्हणते शेवटच्यांचाही एक गट आहे, चौघीजणी, त्या बोलत बोलत धावतात.

स्कोअर कसा काढतात तेवढं सांगा, तिला विचारलं तर म्हणते तुला कळणार नाही.

इस्टबे_१९ | २६ ऑगस्ट, रात्री १०:०५

फार आनंद झाला ताई. स्कोअर सोपा आहे. व्हर्सिटीच्या रेसमध्ये एका शाळेच्या सातजणी धावतात, पहिल्या पाचजणींचे नंबर बेरजेत धरतात, ज्यांची बेरीज कमी ते जिंकले. म्हणजे पाचवी मुलगी पहिलीइतकीच महत्त्वाची. सहावी-सातवीचे नंबर बेरजेत नाहीत पण त्या दुसऱ्या शाळेच्या पाचवीच्या पुढे गेल्या तर तिचा नंबर मागे ढकलला जातो. जेव्हीची रेस वेगळी असते, तिथे बहुतेक वेळा टीममधल्या बाकी सगळ्या धावतात, तुमची लेक त्यात असेल.

सह्यकडा | २७ ऑगस्ट, सकाळी ६:३०

बेलमाँटच्या क्रिस्टल स्प्रिंग्जला धावायची वेळ येईलच तिची. २.९५ मैलांचा कोर्स, म्हणजे पावणेपाच किलोमीटरच्या आसपास, सगळा चढउताराचा आणि धुळीचा, सावली जवळपास नाही. सेक्शनमधली निम्मी मुलं आयुष्यभर आपला क्रिस्टलचा टाइम सांगतात. तिथली पहिली वेळ लिहून ठेवा, ती कितीही असो. आणि वणव्याच्या धुराच्या दिवसांत हवेच्या प्रदूषणाचा आकडा (एक्यूआय) बघत जा, १५० च्या वर गेला की सराव बंद ठेवतात, तेव्हा घरीही तिला बाहेर धावू देऊ नका.

नवी_सनीवेलकर | १९ सप्टेंबर, रात्री ८:२०

झाली पहिली रेस, क्रिस्टलवरच. ३४ मिनिटं १२ सेकंद. शेवटून तिसरी आली. टेकडीमागून ती दिसेपर्यंत तिच्या टीमच्या मुली कुंपणाशी उभ्या होत्या, ज्यांची रेस तासापूर्वी संपली होती त्यासुद्धा, पाणी घेऊन. शेवटच्या वळणावर दोन मोठ्या मुली आतल्या दोरीच्या बाजूनं तिच्याबरोबर पळत आल्या, ओरडत. मी मराठीत ओरडत होते, काय ते मलाही आठवत नाही.

दीपमाळ ताई, तुमच्या ओळखीतल्या ज्यांनी तिला गाडीतून नेलं आणि आणलं त्यांना माझा नमस्कार सांगा. मी त्यांच्याच गाडीत मागे बसून गेले.

घरी आल्यावर तिनं पेन्सिल मागितली. आमचं भाड्याचं घर आहे, दारावर लिहिता येत नाही, म्हणून कपाटाच्या आत कागद चिकटवलाय.

दीपमाळ | १९ सप्टेंबर, रात्री ८:५५

वाचून रडले. पुढची रेस कधी आहे? मी येते, घरी येऊन घेऊन जाईन तुम्हाला. सासरे पुन्हा आलेत, त्यांना वही घेऊन यायचंय.

नवी_सनीवेलकर | १९ सप्टेंबर, रात्री ९:०३

पुढच्या गुरुवारी, दुपारी साडेतीनला, पहिली रेस नववीच्या मुलींचीच. मी थालीपीठं आणते, आजोबांना दाताला चालतील ना? मऊ करते.